दोनशे चौदावा सुळा

हर्षा टेंभुर्णेच्या हुद्द्याचं नाव लांबलचक होतं, पण कुणी विचारलं की ती एवढंच सांगायची, "हत्तीचे सुळे कापते." सिंगापूरच्या बंदरात चोरटा हस्तिदंत पकडला गेला की त्यातले सुळे तिच्या प्रयोगशाळेत येत. सुळ्याच्या बुडातून ती नाण्याएवढा तुकडा कापायची, तो गोठवून त्याचं पीठ करायची आणि त्या पिठातून डीएनए काढायची. हत्ती आफ्रिकेच्या कुठल्या भागातला होता, हे त्यावरून कळतं. संध्याकाळी घरी आली की तिच्या केसांना दाताच्या डॉक्टरकडे ड्रिल चालू असताना येतो तसला जळका वास असायचा. माझी मुलगी आर्या तेव्हा आठ वर्षांची होती. ती नाक दाबून म्हणायची, "आंटी, सो स्मेली लाह." हर्षा हसून आधी अंघोळीला जायची.

आमच्या वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये ती भाडेकरू म्हणून आली २०१९ साली. मी बँकेत नोकरी करते, माझा नवरा संजीव विमा कंपनीत आहे. एक खोली रिकामी होती, ती तिला दिली. मूळची भंडारा जिल्ह्यातली. वडील वनरक्षक, बालपण सगळं जंगलाच्या कडेच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलेलं. नागपूरला एमएस्सी, इथे पीएचडी आणि मग ही नोकरी. खोलीत बुद्धाची लहानशी मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो आणि पुस्तकं, बाकी सामान असं नाहीच. रविवारी सकाळी फोनवर "जय भीम, बाबा" ऐकू आलं की मी चहा टाकायची. मला ती ताई म्हणायची आणि संजीवला दादा.

कामाबद्दल ती फार बोलायची नाही, पण बोलली की काही झाकायची नाही. एकदा जेवताना म्हणाली, "सुळ्याचा तिसरा हिस्सा कवटीच्या आत असतो, ताई. तो असा उपटून निघत नाही. हत्ती आपल्या मरणानं मेला तर दहा-बारा दिवसांत मांस सडतं, मग सुळा हातानं ओढला तरी येतो. त्याचं बूड स्वच्छ असतं. चोरांना एवढा वेळ कुठला? ते कुऱ्हाडीनं तोंडच फोडतात. कधी कधी हत्ती पुरता मेलेलाही नसतो. बुडाशी घाव दिसले की मला समजतं."

संजीव ताट घेऊन हॉलमध्ये निघून गेला. हर्षा ओशाळली. पुन्हा तिनं जेवताना तो विषय काढला नाही.

२०२२च्या ऑगस्टमध्ये प्रयोगशाळेनं तिला पाच आठवड्यांसाठी आफ्रिकेला पाठवलं. दक्षिणेकडच्या एका देशातलं मुलेंगो नावाचं अभयारण्य. देशाचं नाव मी लिहीत नाही, हर्षानं तशी अट घातली आहे. शहरापासून दोन दिवसांचा कच्चा रस्ता, कमरेएवढं वाळकं गवत, मध्येच एखादं झाड आणि कोरड्या पडलेल्या नद्या. पकडलेल्या सुळ्यांशी ताडून पाहायला जिवंत हत्तींचे नमुने लागतात आणि ते लिदीतून मिळतात. ताज्या लिदीवरचा चिकट थर खरवडून नळीत भरायचा, तारीख आणि जागा लिहायची. हत्तीला कळतही नाही. हे काम तिला शिकवलं मुताले नावाच्या रेंजरनं.

मुताले पन्नाशीचा होता. अठ्ठावीस वर्षं त्याच जंगलात. हत्तींना त्यानं नावं दिली नव्हती, तो त्यांना खोडींवरून ओळखायचा. बाभळीला पाठ घासणारी, पाणी पिताना मागे बघणारा, असं. हर्षानं नंतर मला सांगितलं, "मी पहिल्याच दिवशी त्याच्याकडे बघून म्हटलं, हे तर आमचे बाबा. तेच फाटलेले बूट, तोच विटलेला गणवेश. शिपाई ते शिपाईच, पण जंगलाबद्दल साहेबाला खोटं सांगणार नाही."

तिथे असताना एक म्हातारी हत्तीण दुष्काळानं मेली. तिचा डावा सुळा आत वळलेला होता. मांस सडेपर्यंत मुतालेनं राखण केली, मग दोघांनी मिळून सुळे ओढून काढले. हर्षानं नमुना घेतला. मुतालेनं सुळ्यांवर रंगानं नंबर घातले आणि ते कोठारात नेऊन ठेवले. असे मेलेल्या हत्तींचे सुळे तिथे वर्षानुवर्षं साठवलेले होते. लोखंडी दाराला दोन कुलपं होती. एक किल्ली मुतालेकडे, दुसरी वॉर्डनकडे, म्हणजे अभयारण्याच्या साहेबाकडे. त्या दिवशी वॉर्डननं आपली किल्ली माणसाच्या हाती पाठवून दिली होती. दोन्ही कुलपं मुतालेनं उघडली.

परत आल्यावर हर्षा मला घेऊन कॉजवे पॉइंट मॉलला गेली. अकरा नंबरचे बूट, एक हेडलॅम्प आणि मुतालेच्या मुलीसाठी, चिलेशेसाठी, शाळेची दोन पुस्तकं घेतली. प्रयोगशाळेच्या नावानं पार्सल पाठवायचं तर परवानगीची भानगड होती. मी म्हटलं, "माझ्या नावानं पाठव." पाठवणाऱ्याच्या जागी माझं नाव आणि आमच्या फ्लॅटचा पत्ता मी माझ्या हातानं लिहिला.

मुतालेचे नमुने दर दोन महिन्यांनी येत राहिले. सोबत व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप. २०२३च्या जूनमध्ये निरोप आला तो हॉस्पिटलमधून. पाच तारखेला म्हशीनं, म्हणजे तिथल्या रानम्हशीनं, त्याला उडवलं होतं. मांडी दोन ठिकाणी मोडली होती. "दहा आठवडे पडून राहायचं आहे," असं त्यानं आवाजातच पाठवलं होतं. "माझी किल्ली साहेबाकडे दिली आहे. आता दोन्ही त्याच्याकडेच. आधीचे नमुने पोस्टात टाकलेत, मिळतील."

हर्षानं तो निरोप मला ऐकवला, कारण मागे हॉस्पिटलमध्ये कुणीतरी मोठमोठ्यानं गात होतं आणि मुताले मधूनच हसत होता.

सप्टेंबरमध्ये बंदरात एक कंटेनर पकडला. कागदावर लाकडाच्या फळ्या, आत दोनशे नव्वद सुळे. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तो आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून निघाला होता. सगळे सुळे तपासायची पद्धत नाही, नमुन्यादाखल साठ निवडतात. त्या साठांत सगळ्यांची बुडं स्वच्छ होती आणि पृष्ठभाग, रंगानं घातलेले नंबर पुसावेत तसा, पॉलिश पेपरनं घासलेला होता. हर्षाला त्याच दिवशी शंका आली. नोव्हेंबरमध्ये खात्री झाली. एक सुळा आत वळलेला होता, त्याचा डीएनए त्या म्हातारीशी तंतोतंत जुळला. जो सुळा तिनं स्वतःच्या हातानं ओढून काढला होता, तो कुलपातून निघून तिच्याच टेबलावर आला होता.

त्या संध्याकाळी ती खुशीत होती, हे मला स्पष्ट आठवतं. म्हणाली, "ताई, चोर सापडला. जूनमध्ये दोन्ही किल्ल्या कुणाकडे होत्या ते माझ्या फोनमध्ये आहे."

तिचे वरिष्ठ डॉ. क्वेक सभ्य गृहस्थ होते. अहवालात किल्ल्यांबद्दल एक ओळ घालू का, असं तिनं विचारलं, तेव्हा त्यांनी शांतपणे नकार दिला. "सुळा जेवढं सांगतो तेवढंच आपण लिहायचं, हर्षा. किल्ल्यांचं पोलीस बघतील. आणि त्या रेंजरशी आता बोलू नकोस. तो साक्षीदार होऊ शकतो, आरोपीही होऊ शकतो. तू बोललीस तर अख्खा अहवाल बाद होईल."

ती बोलली नाही. मुतालेचे दोन निरोप आले, तब्येतीचे, नमुन्यांचे. तिनं उत्तर दिलं नाही. तिसरा निरोप आला नाही.

फेब्रुवारीत त्याला अटक झाली.

वॉर्डननं पोलिसांसमोर कोठाराचं रजिस्टर ठेवलं. त्यात कंटेनर निघण्याआधी वर्षभर दोन्ही किल्ल्या मुतालेच्या ताब्यात असल्याची नोंद होती, खाली मुतालेची सही. सरकारी वकिलांचं म्हणणं असं, की त्या वर्षभरात त्यानं एकेक करून सुळे बाहेर काढले, दहा आठवडे हॉस्पिटलात होता म्हणून काही बिघडत नाही. माल सिंगापूरला गेला, आणि सिंगापूरहून त्याच्या घरी पार्सल आलं होतं. झडतीत बूट मिळाले. पार्सलचं वेष्टनही मिळालं. ग्रेसनं, त्याच्या बायकोनं, कागद चांगला होता म्हणून ते घडी करून ठेवलं होतं. त्यावर माझं नाव होतं.

जूनमध्ये हर्षाची साक्ष झाली, प्रयोगशाळेच्या मीटिंगरूममधून, व्हिडिओवर. शेजारी डॉ. क्वेक बसलेले. पडद्यावर कोर्ट आणि कोपऱ्यात कुबडीला धरून उभा असलेला मुताले. तिनं हे मला त्याच दिवशी शब्दन्‌शब्द सांगितलं.

सरकारी वकिलानं विचारलं, "हा सुळा कोठारात होता हे तुम्हाला कसं माहीत?"

"मी स्वतः तिथे ठेवताना पाहिला."

"दार कोणी उघडलं?"

"मुतालेनं."

"दोन्ही कुलपं?"

"हो, पण दुसरी किल्ली वॉर्डननी—"

"तुम्ही वॉर्डनना दार उघडताना कधी पाहिलंत?"

"नाही."

"आरोपीला तुम्ही भेटवस्तू पाठवल्या होत्या?"

"बूट पाठवले होते."

"दुसऱ्याच्या नावानं?"

"हो."

मग तिनं न विचारताच सांगायला सुरुवात केली, की आदल्या वर्षीच्या जूनमध्ये मुताले हॉस्पिटलमध्ये होता, त्यानं किल्ली दिल्याचा निरोप माझ्याकडे आहे. न्यायाधीशांनी तिला थांबवलं. किल्ली देताना तुम्ही हजर होतात का? नव्हतात. आरोपीनं स्वतःबद्दल सांगितलेलं धरता येणार नाही. मुतालेच्या वकिलाला विचारलं, तुम्हाला काही विचारायचंय का? तो सरकारनं दिलेला वकील होता, कागद चाळत होता. नाही म्हणाला.

"आणि मुताले?" मी विचारलं.

"माझ्याकडे बघून मान हलवली त्यानं. नमस्कार केल्यासारखी. मले वाटलं शिवी दिली असती तर बरं झालं असतं जी." चिडली किंवा रडवेली झाली की तिची गावाकडची बोली वर यायची.

त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. त्यानं तुरुंगातून अपील केलं.

आता मला माझं सांगायला हवं. हर्षाच्या साक्षीनंतर पार्सलवरच्या पत्त्यामुळे इथल्या अधिकाऱ्यांचा मला फोन आला. दोन माणसं घरी आली, नीट बोलली, अर्ध्या तासात गेली. पुढे काहीच झालं नाही. पण आमचा नागरिकत्वाचा अर्ज तेव्हा चालू होता. संजीव त्या रात्री झोपला नाही. सकाळी म्हणाला, "तिला दुसरी खोली बघायला सांग." मी दोन दिवस टाळलं आणि तिसऱ्या दिवशी सांगितलं. घराला रंग काढायचाय, असं काहीतरी कारण दिलं. हर्षानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हो ताई. तुम्हाला उगाच त्रास झाला." चार दिवसांत ती पुंगोलला राहायला गेली. जाताना खोली पुसून गेली. आम्ही रंग काढला नाही.

तिचं पुढचं वर्ष मला तुकड्यातुकड्यानं कळलं. मी तिला पहिले तीन महिने फोन केला नाही. मग एका शनिवारी केला तर ती कामावर होती. पुढच्या शनिवारीही कामावरच. शेवटी मीच एलआरटी पकडून तिच्या घरी गेले. ती बोटांना चिकटपट्ट्या लावून बसली होती.

झालं होतं असं, की कंटेनरमधले सुळे मार्च २०२५मध्ये यंत्रात घालून चुरा करायचं ठरलं होतं. सगळीकडे तसंच करतात, पुन्हा बाजारात जाऊ नयेत म्हणून. हर्षानं डॉ. क्वेकना विचारलं, उरलेले दोनशे तीस मी तपासू का? ते म्हणाले, केस संपली, त्यासाठी पैसे नाहीत. ती म्हणाली, सुट्टीच्या दिवशी तपासते, माझा वेळ, जुनी रसायनं. त्यांनी बराच विचार करून सही दिली.

"काय शोधतेस?" मी विचारलं.

"घाव असलेला सुळा," ती म्हणाली. "कोठारातले सगळे स्वच्छ बुडाचे. पण चोरांनी कंटेनर भरताना जागा उरली असेल तर एखादा ताजा हत्ती मारून त्याचेही टाकले असतील. तो हत्ती कोणता ते कळलं, आणि मुतालेनं त्याची लीद कधी गोळा केली होती ते जुळलं, तर तो कधीपर्यंत जिवंत होता ते कळेल."

मला नीटसं समजलं नाही. तिनं कागद घेऊन रेघ काढली. इथे पाच जून, मुताले हॉस्पिटलमध्ये. इथे जुलैअखेर, कंटेनर निघाला. "यांच्या मधे मेलेला एक हत्ती मला पाहिजे. बस. मग माल भरला तेव्हा मुताले खाटेवर होता, एवढं सिद्ध होतं."

दर शनिवारी आणि रविवारी ती सुळे कापत होती. मी मधूनमधून डबा घेऊन जायची. तिचे वडील फोनवर म्हणायचे, "पोरी, घरी ये थोडे दिवस." ती म्हणायची, "येते बाबा, हे झालं की."

जानेवारीच्या शेवटी दोनशे चौदा नंबरचा सुळा निघाला. लहानसा, जेमतेम हातभर. बुडाशी कुऱ्हाडीचे सात घाव. एवढे घाव लागतात ते हत्ती हलत असला तर, असं हर्षा म्हणाली. तो एका तरुण नराचा होता. मुतालेच्या शेवटच्या पाकिटातल्या एका नळीशी त्याचा डीएनए जुळला. नळीवर मुतालेच्या अक्षरात तारीख होती, तीन जून २०२३. लीद त्या सकाळची होती. हत्ती तेव्हा जिवंत होता, खात होता, चालत होता. दोन दिवसांनी मुतालेची मांडी मोडली आणि सात आठवड्यांनी हा सुळा समुद्रावर होता.

तिनं मला ऑफिसात फोन केला. "सापडला," एवढंच म्हणाली.

डॉ. क्वेकनी तो अहवाल तीनदा वाचला. आकडे पुन्हा तपासायला लावले, दुसऱ्या प्रयोगशाळेकडून खात्री करून घेतली. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. एका शब्दाची चूक निघाली असती तर सगळंच गेलं असतं. पण त्यात पाच आठवडे गेले. दहा मार्चला अहवाल सरकारी मार्गानं रवाना झाला. त्याच आठवड्यात दोनशे नव्वद सुळे यंत्रात गेले. दोनशे चौदावाही गेला, फक्त कापलेला तुकडा तेवढा हर्षाकडे राहिला. तीन दिवस ते यंत्र चालू होतं. हर्षा पहिल्या दिवशी हजर होती, नियमाप्रमाणे नंबर वाचून दाखवायला.

उत्तर एप्रिलमध्ये आलं. दोन ओळींचं. अपील करणाऱ्याचा सत्तावीस फेब्रुवारीला तुरुंगात क्षयानं मृत्यू झाल्यामुळे प्रकरण बंद करण्यात आलं आहे. पाठवलेल्या माहितीबद्दल आभार.

हर्षानं ते पत्र डॉ. क्वेकच्या टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "मेलेल्या माणसाचं नाव काढून टाकायला काही करता येतं का?"

त्यांनी चौकशी केली. येतं, पण अर्ज त्याच खात्यातून यावा लागतो. म्हणजे वॉर्डनकडून.

मी पुंगोलला गेले तेव्हा ती भांडी घासत होती. स्वच्छ भांडी पुन्हा घासत होती. मी म्हटलं, "तू जेवढं करता येईल तेवढं केलंस." ती म्हणाली, "ताई, मी नोव्हेंबरात एक फोन केला असता तर तो सावध झाला असता. वॉर्डननं रजिस्टरवर मागाहून सह्या घेतल्या तेव्हा त्यानं वाचून बघितलं असतं. मी नियम पाळला. मुताले पण नियमच पाळायचा." मग नळ बंद करून म्हणाली, "तुम्ही मला घर सोडायला सांगितलंत तेव्हा मला तुमचा राग आला नव्हता. आता येतो कधी कधी."

मी भांडी पुसायला घेतली. ती नको म्हणाली नाही.

ऑगस्टमध्ये सिंगापूरला वन्यजीवांच्या चोरट्या व्यापारावर परिषद होती. वॉर्डन आला. आता तो वॉर्डन राहिला नव्हता, आणखी तीन अभयारण्यं त्याच्या हाताखाली आली होती. मुलेंगोच्या केसचं त्यानं भाषणात उदाहरण दिलं. आपल्याच खात्यातली कीड आम्ही विज्ञानाच्या मदतीनं कशी काढली, यावर टाळ्या पडल्या. केस ज्यांच्या अहवालावर उभी राहिली त्या संशोधक म्हणून हर्षाला उभं राहायला सांगितलं. ती उभी राहिली. पाहुण्याला दुपारी जेवायला न्यायची जबाबदारीही तिच्यावरच होती.

हॉकर सेंटरमध्ये बसून त्यानं चिकन राइस खाल्ला, मिरचीची चटणी दोनदा मागून घेतली. भाषण सोडलं तर तो साधा, मऊ बोलणारा माणूस होता. मुतालेचा विषय त्यानंच काढला.

"फार चांगला माणूस होता. अठ्ठावीस वर्षं माझ्यासोबत. मी रडलो."

हर्षा म्हणाली, "आमचा दुसरा अहवाल तुम्हाला मिळाला का?"

"मिळाला. फारच बारकाईचं काम. पण मेलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग?"

"त्याच्या घरच्यांना होईल."

"घरच्यांची काळजी मी घेतोय." त्यानं पिशवीतून एक गवताची टोपली काढून तिच्यापुढे ठेवली. "हे त्याच्या बायकोनं विणलंय. खात्याचं घर सोडावं लागलं तिला, नियमच आहे. पण गेटपाशी टोपल्या विकायला मी तिला जागा दिलीय. पर्यटक घेतात. तुमच्यासाठी मुद्दाम एक घेऊन आलो."

"तुम्ही तिला सांगितलंत माझ्यासाठी म्हणून?"

"हो. ती काही बोलली नाही."

हर्षा मला म्हणाली, की त्या क्षणी समोरच्या चमच्याकडे बघताना तिच्या मनात जे आलं ते ती कुणाला सांगणार नाही. तिनं टोपली घेतली, थँक्यू म्हटलं आणि त्याला हॉटेलपर्यंत पोचवलं. टॅक्सीतून उतरताना त्यानं तिचा हात दोन्ही हातांत धरून सांगितलं, "पुन्हा या मुलेंगोला. हत्ती वाढलेत."

मी विचारलं, "तोच चोर होता ना गं? नक्की?"

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "पण लिहून देता येणार नाही."

त्यानंतर तिनं ग्रेसला पत्र लिहिलं. घडलं ते सगळं, स्वतःच्या साक्षीसकट, दुसऱ्या अहवालाची प्रत जोडून. तीन महिने काही आलं नाही. नोव्हेंबरात ईमेल आला तो चिलेशेचा. ती आता एकोणीस वर्षांची होती.

त्या रविवारी मी पुंगोललाच होते. हर्षानं मला तो वाचायला दिला. लिहिलं होतं, की तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, हे आम्हाला आधीपासून माहीत होतं. मुलेंगोमध्ये रेंजरच्या बारा जागा निघाल्या आहेत. आमच्या भागात दुसरी नोकरी नाही. भाऊ लहान आहेत. अर्जाला बाहेरच्या एका शिकलेल्या माणसाचं शिफारसपत्र लागतं. वडिलांचं नाव अर्जात असल्यामुळे साहेब नाही म्हणू शकतात, पण तुमचा ते मान ठेवतात असं सगळे सांगतात. तुम्ही त्यांच्या नावानं पत्र द्याल का? मला हत्तींचे माग काढता येतात. वडिलांनी शिकवलं आहे.

मी वाचून फोन खाली ठेवला. "त्याला पत्र लिहिणार तू? त्या माणसाला?"

"तिला नोकरी हवीय."

"त्याच्या हाताखाली?"

"दुसरं कोण आहे तिथे?"

"अगं, पण तिला कळतंय ना ती कुणाकडे—"

"तिला माझ्यापेक्षा जास्त कळतंय, ताई. मी इथे बसून काय शिकवू तिला?"

तिनं लॅपटॉप उघडला. 'माननीय महोदय' लिहिलं. खालच्या मैदानात लहान पोरं सायकली शिकत होती, त्यांच्या घंट्या वर ऐकू येत होत्या. मग ती भराभर लिहायला लागली. मुलगी प्रामाणिक आहे, मेहनती आहे, जंगलाची जाण आहे. वडिलांबद्दल एक शब्द नाही. शेवटी, आपण परिषदेत दाखवलेल्या आपुलकीबद्दल मी आपली ऋणी आहे, असं एक वाक्य लिहिलं. ते खोडलं आणि पुन्हा लिहिलं.

"हे कशाला?" मी म्हटलं.

"त्यालाच तो भुलेल," ती म्हणाली आणि पत्र पाठवून दिलं.

डिसेंबरमध्ये चिलेशेची निवड झाली. साहेबांनी पत्र वाचल्याबरोबर सही केली, असं तिनं कळवलं. जानेवारीपासून ती गस्तीवर आहे. हर्षा अजून त्याच प्रयोगशाळेत नोकरी करते. या महिन्यात बंदरात आणखी एक कंटेनर आलाय, एकशे बारा सुळ्यांचा, आणि सगळेच्या सगळे तपासायला ती पुन्हा शनिवारचीही कामावर असते.